मारेगावचा कापूस आणि वर्ध्याची खादी

खादीला निव्वळ राजकीय गणवेश ठरवले जाते, पण वऱ्हाडचा इतिहास पाहता ते टिकत नाही. १८५३ मध्ये निजामाचा वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली गेला. पुढे अमेरिकी यादवीमुळे (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना या काळ्या मातीतला कापूस हवासा झाला, आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूसपेठेपर्यंत रेल्वेचा फाटा आला. तेव्हाच्या वणी जिल्ह्यात मोडणाऱ्या मारेगावसारख्या गावांचा कापूस बाहेर जाऊ लागला, विलायती कापड आत आले आणि घरोघरची सूतकताई मोडली. खादी ही त्या मोडण्याला दिलेले उत्तर होती.

नागपूरची एम्प्रेस मिल (१८७७) टाटांची होती, मग दोष इंग्रजांवरच का, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. चरखा देशी यंत्रानेही मारला. मात्र कापसाची बाजारपेठ कोणासाठी उभी राहिली, हा प्रश्न त्याने सुटत नाही. खादी ही वापरायची वस्तू, तिला कला कसे म्हणावे, हा दुसरा आक्षेप अधिक दुबळा. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाने १९३८ पासून चरखे आणि सूत प्रेक्षकांपुढे मुद्दाम मांडले. कापड हेच कलेचे माध्यम करून फिलिपिनी चित्रकार पसीता आबाद (१९४६–२००४) यांनी शिवलेल्या, रंगवलेल्या कापडांतून स्थलांतरितांचे जगणे दाखवले. तिथे चित्रकार एकटी होती, इथे हजारो अनामिक हात. खादीची खरी उणीव वेगळी आहे: कापूस पिकवणाऱ्याचे उत्पन्न तिने फारसे बदलले नाही. मारेगावचा शेतकरी आजही सरकीसकट कापूसच विकतो.