अभिमानाचे मोल

मुलगी डॉक्टर झाली म्हणजे बाप पेढे वाटतो. ते दृश्य पाहून आम्हांसही आनंद होतो. परंतु इतिहासाचा विद्यार्थी एक प्रश्न विचारल्यावाचून राहात नाही : पेढे वाटण्याआधी त्या बापाने काय सोसले होते? यशानंतरचा अभिमान कोणालाही परवडतो. यशाची खात्री नसताना जो मुलीच्या मागे उभा राहिला, त्याच्या अभिमानाला खरे मोल. ह्याचा दाखला इंग्लंडच्या इतिहासात आहे.

सफोक परगण्यात समुद्रकाठी ऑल्डबरो नावाचे गाव आहे. तेथे न्यूसन गॅरेट हा धान्याचा व कोळशाचा व्यापारी राहात असे. गृहस्थ मोठा उद्योगी आणि तितकाच तापट. त्याची मुलगी एलिझाबेथ १८३६ साली जन्मली. १८६० मध्ये तिने बापाजवळ डॉक्टर होण्याचा मनोदय बोलून दाखविला. त्या वेळी इंग्लंडातील एकही वैद्यकशाळा स्त्रियांना प्रवेश देत नव्हती. न्यूसनला ती कल्पनाच किळसवाणी वाटली व तसे त्याने स्पष्ट सांगितले. आईला तर ती घराण्याची बेअब्रू वाटली.

मुलगी हटेना, तेव्हा बाप तिला घेऊन लंडनच्या डॉक्टरांकडे गेला. तेथे तिला नकारच मिळाले. पण ते नकार ऐकता ऐकता बापाचे मन पालटले. हा मनुष्य स्त्रीस्वातंत्र्याचे ग्रंथ वाचून सुधारक झाला, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या हुशार लेकीला परक्यांनी दारातून परतवावे, हेच त्याला झोंबले असावे. सुधारणेचा उगम पुष्कळदा तत्त्वात नसतो, घरच्या माणसाच्या अपमानात असतो.

मिडलसेक्स रुग्णालयात एलिझाबेथने परिचारिका म्हणून प्रवेश मिळविला, पण तेथील विद्यार्थ्यांनीच तिच्याविरुद्ध अर्ज केला. विद्यापीठांनीही नाकारले. राहिली ती औषधविक्रेत्यांची जुनी संस्था, सोसायटी ऑफ अपॉथेकरीज. तिच्या सनदेत स्त्रियांना मज्जाव करणारा शब्द नव्हता. तरी परीक्षेच्या वेळी संस्था कचरू लागली. तेव्हा न्यूसनने कोर्टात खेचण्याची धमकी दिली. १८६५ साली एलिझाबेथला परवाना मिळाला आणि लगोलग संस्थेने नियम बदलून ते दार पुन्हा लावून घेतले!

परंतु एकदा आत गेलेल्या बाईने दुसरे दार उघडण्यास हातभार लावला. १८७४ साली लंडनमध्ये सोफिया जेक्स-ब्लेक ह्यांनी स्त्रियांसाठी वैद्यकशाळा काढली. १८८३ पासून एलिझाबेथ गॅरेट अँडरसन तिच्या प्रमुख होत्या. ह्याच शाळेत १८८९ साली मुंबईची एक मुलगी दाखल झाली. ती म्हणजे रखमाबाई.

रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. मुलगी अकराव्या वर्षी लग्न झालेल्या नवऱ्याकडे नांदायला जाईना, तेव्हा त्यांनी तिला घरात ठेवून घेतले. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी दावा लावला आणि मालमत्तेच्या लोभाने मुलगी अडकवून ठेवल्याचा आरोपही डॉक्टरांना सोसावा लागला. एप्रिल १८८५ मध्ये ते वारले. सप्टेंबरात मुलीच्या बाजूने झालेला पहिला निकाल, पुढचा विरुद्ध निकाल, १८८८ ची तडजोड, ह्यांतले काहीच त्यांनी पाहिले नाही. १८९४ साली रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतून सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. तेही पाहायला ते नव्हते.

न्यूसन गॅरेटला लेकीच्या यशाचा सोहळा लाभला, सखाराम अर्जुनांना लाभला नाही. पण दोघांनी चुकविलेली किंमत एकाच जातीची होती. श्रोतेहो, आपल्या घरची मुलगी उद्या काही अवघड मागेल, तेव्हा पेढ्यांचा दिवस पुष्कळ दूर असेल. त्या दिवशी आपण तिला काय उत्तर देतो, त्यावरच आपल्या अभिमानाचा हक्क ठरणार आहे.