महागाईच्या आकड्याची जन्मकथा

आपल्या मंडळातील बहुसंख्य कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर आली आणि येथेच स्थिरावली. त्यांपैकी जी सरकारी नोकरीत आहेत, त्यांच्या पगारपत्रकात 'महागाई भत्ता' हा रकाना असतोच. महिनाअखेरीस त्यावर सर्वांची प्रथम दृष्टी जाते. परंतु मुंबईच्या गिरणगावाशी या रकान्याचे किती जुने नाते आहे, याचे स्मरण क्वचितच कोणास होते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत धान्य, कापड आणि रॉकेल यांचे भाव भराभर चढले. गिरण्यांना नफा अमाप झाला. मजुरी मात्र मागे रेंगाळली. घरभाड्यांना आवर घालण्यासाठी सरकारला 1918 मध्ये कायदा करावा लागला. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि इन्फ्लुएंझाच्या साथीने कहर केला. जानेवारी 1919 मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. त्यांत रत्नागिरीचे आणि साताऱ्याकडील घाटावरचे लोक बहुसंख्य होते, म्हणजे आपल्यासारखेच पोटासाठी गाव सोडून आलेले.

महागाई आहे हे सर्वांना दिसत होते. पण ती किती, हा वाद होता. 1921 मध्ये मुंबई सरकारने मजूर कचेरी स्थापन केली आणि जुलै 1914 चे भाव 100 धरून राहणीमानाच्या खर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. या कचेरीचे प्रमुख फिंडले शिरास यांनी कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची जी पाहणी केली, ती आजही वाचताना मन विषण्ण होते. शेकडा 97 कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. शेकडा 47 कुटुंबे कर्जात होती आणि रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा 75, असा व्याजाचा दर सर्रास चाले. आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे: इलाख्याच्या तुरुंगातील कैद्याला नियमाने जेवढे धान्य मिळे, तेवढेही या कष्टकऱ्याच्या वाट्याला येत नव्हते! कुटुंब गावी ठेवून एकटे राहणारे पुरुष खानावळीत जेवत. ती खानावळ चालविणारी बाईही बहुधा कोकणातली किंवा घाटावरचीच असे.

घरांच्या टंचाईवर उपाय म्हणून सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे 207 चाळी उभारल्या. पण भाडे कामगाराला झेपेना, त्यामुळे कित्येक खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. घर आहे, गरज आहे, आणि तरी घर रिकामे. मुंबईत हा अनुभव त्यानंतरही अनेकदा आला.

दुसऱ्या महायुद्धात हा निर्देशांकच कामगाराच्या ताटाला जोडला गेला. 1933-34 हे वर्ष 100 धरलेल्या मालिकेत युद्धापूर्वीचा आकडा 105 होता; त्यावरच्या वाढीपोटी भत्ता देण्याची पद्धत गिरण्यांत रूढ झाली. आता भांडण भावाचे उरले नाही, आकड्याचे झाले. दुकानात ज्वारी चढते, पण निर्देशांक चढत नाही, ही कामगार संघटनांची तक्रार पुढे इतकी तीव्र झाली की 1963 मध्ये महाराष्ट्र सरकारला अर्थशास्त्रज्ञ डॉ. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. निर्देशांक वास्तवापेक्षा कमी दाखविला जात असल्याचा निष्कर्ष समितीने काढला आणि भत्ता वाढला. चाळीतल्या गृहिणीला हे सांगायला समितीची गरज नव्हती, हे वेगळे.

केंद्र सरकारी नोकरांचा भत्ता आज सिमल्याच्या श्रम ब्यूरोने काढलेल्या अखिल भारतीय निर्देशांकावर ठरतो. त्या निर्देशांकाचे नावही 'औद्योगिक कामगारांसाठी' असेच आहे.

ज्यांच्या हाती पगारपत्रकच नव्हते, त्यांनी मात्र निराळा मार्ग धरला. 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवर हजारो स्त्रिया थाळ्या बडवीत, हाती लाटणी घेऊन उतरल्या. धान्य, साखर, तेल आणि रॉकेल रास्त भावाने मिळावे, एवढेच त्यांचे मागणे होते.