धोतऱ्याच्या धुरापासून मोजक्या फवाऱ्यापर्यंत

अमळनेरात बोरीच्या काठाने किंवा गावाबाहेरच्या पडीक जागेतून वर्ग फिरवून आणला, की धोतरा सहसा दिसतोच. त्याची वाळलेली पाने जाळून धूर ओढला तर दमेकऱ्याची धाप कमी होते, हे आपल्याकडे पूर्वापार ठाऊक होते. १८०२ मध्ये जनरल जेंट यांनी हा उपाय मद्रासहून ब्रिटनला नेला. पुढे शंभराहून अधिक वर्षे तिकडे ‘दम्याच्या सिगारेटी’ विकल्या गेल्या. धोतऱ्यातील अ‍ॅट्रोपीन श्वासनळ्यांचे आवळलेले स्नायू सैल करते, तेव्हा कल्पना चुकीची नव्हती. पण मात्रा मोजता येत नसे, आणि धोतरा हे विष आहे.

मात्रेचे हे कोडे सुटले ते एका मुलीच्या प्रश्नाने. अमेरिकेतील रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या मुलीला दमा होता; रबरी फुग्याचा काचेचा फवारक तिला वापरावा लागे. केसांच्या फवाऱ्यासारखे हे औषध डबीत का भरत नाहीत, असे तिने १९५५ मध्ये विचारले. १९५६ मध्ये ‘मेडिहेलर’ बाजारात आला! त्यातली झडप मुळात अत्तरासाठी केलेली होती. दर दाबाला ठरावीकच द्रव सुटतो. दाबाखाली द्रवरूप राहिलेला वायू बाहेर येताच उडून जातो आणि औषधाचे सूक्ष्म कण उरतात.

कण १ ते ५ मायक्रॉनचे हवेत. मोठे कण घशावर आपटतात, फारच बारीक असले तर उच्छ्वासाबरोबर परत येतात. साल्बुटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, फवारा मात्र ०.१ मिलिग्रॅमचा. तरीही ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची सवय लागते’ हा समज पालकांत आढळतो. तो खोटा आहे, आणि त्यापायी मुले विनाकारण धापा टाकतात.

भारतात सिप्ला कंपनीने १९७०च्या दशकात असे फवारे बनवायला घेतले. नंतर कॅप्सूलमधली कोरडी पूड ओढण्याची साधनेही आली. येथे वर्गात सांगण्याजोगा एक फरक आहे: फवारा सावकाश व खोल ओढायचा, पूड मात्र जोराने, कारण ती उडवण्याचे काम आपला श्वासच करतो.

लहान मुलांना दाबणे आणि ओढणे एका वेळी जमत नाही, म्हणून मध्ये पोकळ नळकांडे, म्हणजे स्पेसर, लावतात. ते महाग पडते. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवले, की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला फवाऱ्याचे तोंड घट्ट बसेल असे भोक पाडले, तर तीही तितकेच काम देते.