कच्चा गळा, तंबोरा आणि यंत्र

गाणाऱ्याचा सूर लागत नसेल तर काय करावे, या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे फार जुने आहे. तंबोरा घ्या, पहाटे खर्ज लावा आणि सूर लागेपर्यंत उठू नका. उस्तादांच्या घराण्यांनी हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिले आणि स्वतः जगून दाखवले. १९९७ साली याच प्रश्नाला अमेरिकेतून दुसरे उत्तर आले. गायकाने जमेल तसे गावे, सूर मागाहून लावून देता येईल. 'ऑटो-ट्यून' हे त्या उत्तराचे नाव. आज गल्लीतल्या छोट्या स्टुडिओत एखाद्या मुलाची नात शरीफ मुद्रित होत असो की होतकरू कव्वालाचे पहिले गाणे, हे दुसरे उत्तर आपल्या दाराशी येऊन बसले आहे. तेव्हा या दोन्ही उत्तरांचा इतिहास एकदा तपासून पाहावा, असे आम्हाला वाटते.

ऑटो-ट्यूनचा जनक अँडी हिल्डेब्रँड हा मूळचा तेलाच्या शोधातला माणूस. जमिनीत स्फोट घडवायचे, त्यांचे परत आलेले ध्वनी टिपायचे आणि गणिताच्या साहाय्याने खालच्या थरांचा नकाशा मांडायचा, हा त्याचा व्यवसाय. काही वर्षे त्याने एक्झॉन कंपनीत काम केले, मग स्वतःची कंपनी काढली. गडी बासरी वाजवणारा होता. हाती पैसा आल्यावर तो पुन्हा संगीत शिकायला गेला. ज्या गणिताने भूगर्भातले ध्वनी वाचता येतात, त्याच जातीच्या गणिताने गळ्यातून निघणाऱ्या आवाजाची कंपनेही मोजता येतील, हे त्याच्या ध्यानात आले. यंत्राचे काम तसे सोपे आहे. आवाज सेकंदाला किती वेळा कंप पावतो हे ते मोजते, बारा स्वरांपैकी सर्वांत जवळचा कोणता ते पाहते आणि आवाजाला त्या स्वरावर ओढून नेते. किती वेगाने ओढायचे, तेही ठरवता येते. हळू ओढले तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. वेग एकदम वाढवला तर आवाज जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखा उड्या मारतो. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' या गाण्यात मुद्दाम तेच केले आणि ते गाणे जगभर गाजले. गंमत अशी की, हा परिणाम कसा साधला असे विचारल्यावर निर्मात्यांनी आरंभी भलत्याच उपकरणाचे नाव सांगितले होते!

पुढे जर्मनीतल्या म्युनिकमधून 'मेलोडाइन' आले. ते करणारा पीटर नॉयबेकर हा स्वतः वाद्ये बनवणारा कारागीर. त्याच्या यंत्रात गायलेला प्रत्येक स्वर पडद्यावर ठिपक्यासारखा दिसतो आणि हाताने उचलून वरखाली ठेवता येतो. २००९ साली जे-झी या रॅप गायकाने ऑटो-ट्यूनच्या मरणाची घोषणा करणारे गाणेच काढले. २०१० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने जगातल्या सर्वांत वाईट ५० शोधांच्या यादीत या यंत्राला जागा दिली. यंत्र मात्र कोणाच्या टीकेने मेले नाही.

हा वाद तिकडच्या लोकांना नवा वाटला असेल. महाराष्ट्रात तो एकदा पेटीवरून होऊन गेला आहे. हार्मोनियमचे सूर ठरलेले, सप्तकात बाराच. कच्च्या गळ्याचा गायक पेटीच्या खांद्यावर हात टाकून चालतो, पेटी भरून वाजली की त्याची लंगड झाकली जाते. म्हणून एका बाजूला ती घरोघर गेली आणि दुसऱ्या बाजूला जाणकारांनी तिला शिव्या दिल्या. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत उघडले नाही. आम्हाला ती बंदी टोकाची वाटते. गोविंदराव टेंब्यांसारखा कलावंत पेटीतून काय काढू शकत होता, हे ज्यांनी ऐकले त्यांना माहीत होते. आणि याच टेंब्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र लिहिले, हेही लक्षात ठेवावे. दोष पेटीचा नव्हता. जो कान पेटीवर सोपवून मोकळा झाला, त्याचा होता.

या वादाच्या मध्यभागी मिरज आहे. किराना घराण्याचे अब्दुल करीमखाँ १८७२ साली उत्तरेत कैराना येथे जन्मले, पण त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते मिरजेशी. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात त्यांचे निधन झाले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशी त्यांना दफन करण्यात आले. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. खाँसाहेबांचा सूर म्हणजे काय चीज होती, हे त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या खरखरीतूनही कळते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स हे इंग्रज सनदी अधिकारी यांना २२ श्रुती नेमक्या मोजायच्या होत्या. त्यासाठी कसोटीचा गळा हवा होता, तो खाँसाहेबांचा मिळाला. ते स्वर लावत, हे मोजत. देवलांचे पुस्तक १९१० मध्ये आले. त्याच्या इंग्रजी नावात हे स्वर 'हिंदू स्वरसप्तक' झाले होते. देवलांच्या निष्ठेबद्दल आम्हाला शंका नाही, त्या काळात असे शब्द सर्रास वापरले जात. पण मोजमाप पुस्तकात गेले आणि ज्या गळ्याने ते पुरवले तो गळा 'अशास्त्रीय' ठरला. भातखंड्यांसारख्या थोर अभ्यासकानेही उस्तादांना शास्त्र येत नाही अशी तक्रार केली. कागदावर मांडता येत नाही, म्हणजे माहीतच नाही, असा त्या तक्रारीचा सूर होता. मग बावीस श्रुती ज्याच्या गळ्यातून उतरवून घेतल्या, त्याला काय माहीत होते म्हणायचे?

हे ज्ञान कानात कसे येते, ते पाहण्यासाठी मिरजेतच थांबावे लागेल. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, वाद्ये बनवायला घेतली आणि सतारमेकर हे आडनावच होऊन बसले. भोपळा वाळवण्यापासून खुंट्या बसवण्यापर्यंत सारे हाताने. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा सगळा जीव घोडीत असतो. घोडीचा माथा किंचित उताराचा घासतात, तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात आणि तार घोडीला हलके चाटू लागली की आवाज फुलतो. त्याला जवारी खुलली म्हणतात. चांगली जवारी असलेला तंबोरा षड्ज-पंचमात लावा आणि गप्प बसून ऐका. कोणी न छेडलेला गंधार त्यातून उमटतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या तारेत जी उपकंपने असतात, त्यातला तो पाचवा भाग. पेटीचा आणि यंत्राचा गंधार याहून चढा असतो. सप्तकाचे १२०० भाग केले तर तंबोऱ्याचा गंधार ३८६ वर येतो, पेटीचा ४०० वर. फरक १४ भागांचा. कान तयार नसेल तर काहीच नाही, तयार असेल तर डोळ्यांत खडा जावा तसा खुपतो.

म्हणजे यंत्र ज्याला 'शुद्ध' करून देते, तो किराना घराण्याच्या हिशेबाने पुष्कळदा बेसूरच असतो. यंत्रात दुसऱ्या स्वरमाला निवडण्याची सोय आहे, हे खरे. पण स्टुडिओत घाई असते, आणि जी स्वरमाला आधीच लावलेली असते तीच चालू राहते. मींड आली की आणखी पंचाईत. दरबारीचा कोमल गंधार एका जागी उभाच राहत नाही, झोक्यावर बसल्यासारखा हलतो. यंत्राला ती चूक वाटते आणि ते त्याला दटावून जागेवर बसवते.

तंबोऱ्याची गोष्ट वेगळी. तो कोणाचा सूर दुरुस्त करत नाही. चुकलात तर तुमच्या आवाजात आणि त्याच्यात खडखड उठते. ती तुम्हीच ऐकायची, तुम्हीच गळा हलवायचा. खडखड थांबली की सूर लागला. बेसूर गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना दुसऱ्याचा चुकलेला सूर बरोबर कळतो. अडचण असते ती कानाने ऐकलेले गळ्याकडून करवून घेण्यात. हा रस्ता वहिवाटीनेच पडतो. यंत्र तो रस्ता पाडत नाही. गायक घरी निघून गेल्यावर ते त्याच्या आवाजावर काम करते. दुसऱ्या दिवशी तो मुलगा नात पढायला उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ कालचाच गळा असतो, आणि समोरच्यांनी मोबाइलवर ऐकलेला गळा निराळा असतो. त्या बिचाऱ्याची जी फजिती होते, ती आम्ही एकदा पाहिली आहे.

कच्चा किंवा मोडलेला गळा घेऊन काय करता येते, याची दोन उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. अल्लादियाखाँसाहेब तरुणपणी अमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात होते. तिथे अतोनात गावे लागले आणि त्यांचा आवाज गेला. पुष्कळ दिवसांनी परत आला तो पहिल्यासारखा राहिला नव्हता. त्यांनी जुन्या आवाजाचा सोस सोडला. जो आवाज शिल्लक होता त्याला झेपेल, शोभेल अशी पेचदार, लयीच्या अंगाने जाणारी गायकी बांधली. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही त्याच गायकीची फळे. त्या काळी एखाद्या यंत्राने खाँसाहेबांचा आवाज पूर्ववत करून दिला असता, तर जयपूर-अत्रौली घराणे आज जसे आहे तसे झाले असते का? दुसरे उदाहरण अब्दुल करीमखाँचे शागीर्द रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. गळा निसर्गाने दिलेला नव्हता, लवत नव्हता. उस्तादांनी आठ वर्षे शिकण्याची अट घातली आणि एकेका पलट्यावर घोटून घेतले. त्या गळ्यातून पुढे भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल उभे राहिले.

रियाजाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. आठ वर्षे बसून शिकणे कोणाला परवडत होते? उस्ताद विद्या राखून ठेवत, हेही खोटे नाही. आणि सामान्य मुस्लिम घरातल्या मुलीला तर तंबोऱ्याला हात लावण्याचीच चोरी. १९७९ मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी विजेवरचा तंबोरा बनवला, पुढे तो मोबाइलमध्ये आला. जाणकारांनी नाके मुरडली, पण मालेगावच्या किंवा भिवंडीच्या एका खोलीच्या घरात तंबोरा ठेवायचा कुठे, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. स्वर पडद्यावर रेघेसारखा दाखवणारी साधनेही आज मिळतात. ज्याला उस्ताद नाही त्याने ती आरशासारखी वापरावीत. रेघ कुठे घसरली ते पाहावे, मग डोळे मिटून तीच जागा पुन्हा घ्यावी. आमचे भांडण यंत्राशी नाही.

अल्जिरियातल्या ओरान शहरात जन्मलेल्या 'राय' गाण्यातल्या गायकांनी तर ऑटो-ट्यून उघडपणे अंगाला लावून घेतले. त्यांच्या लांब, वळणदार ताना यंत्रातून जाताना चकाकतात आणि लोकांना ते आवडते. त्यात लपवाछपवी नाही. अमेरिकेचा टी-पेन या यंत्रामुळेच प्रसिद्ध झाला. २०१४ साली एका रेडिओच्या कार्यक्रमात तो यंत्राशिवाय गायला, तेव्हा माणूस पक्का सुरेल निघाला. ज्याला सूर येतो त्याने यंत्राशी खेळावे, रंग भरावा. सूर न येणाऱ्यासाठी त्याचा पडदा करणे निराळे.

आपल्या मोहल्ल्यांत आज नात, मनकबत, कव्वाली गाणारी शेकडो पोरे आहेत. कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणी लूमवर बसतो. ध्वनिमुद्रणासाठी ती पदरचे पैसे मोजतात आणि दुरुस्त आवाजाची फाइल घेऊन घरी येतात. स्टुडिओवाल्याकडून त्यांनी दुसरी एक फाइल मागून घ्यावी, न सुधारलेली. ती द्यायला त्याला काही खर्च येत नाही. दोन्ही एकामागून एक ऐकाव्यात, कुठे कुठे ओढून घेतले आहे ते वहीत लिहावे, आणि मोबाइलवर का होईना, तंबोरा लावून रोज त्या चार-पाच जागाच घोटाव्यात. पुढच्या ईद-ए-मिलादला काय फरक पडतो, तो त्यांनीच आम्हाला कळवावा.