जीडीबीमधील थ्रेड-स्थितीचे रिफॅक्टरिंग
जीडीबी हा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला डीबगर आहे. तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी अनेक थ्रेड चालू शकतात. पूर्वीच्या रचनेत एकेक पायरी पुढे जाण्याची मर्यादा व तत्सम माहिती सामायिक ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवली जाई. थ्रेड बदलताना ती जतन करून दुसऱ्या थ्रेडची माहिती तेथे भरावी लागे. ही अदलाबदल चुकल्यास एका थ्रेडची स्थिती दुसऱ्याची समजली जाण्याचा धोका असे. रिफॅक्टरिंगद्वारे ही माहिती प्रत्येक थ्रेडच्या स्वतंत्र नोंदीत हलवण्यात आली. २००९ मधील ७.० आवृत्तीत ‘नॉन-स्टॉप’ पद्धत उपलब्ध झाली. तीत एक थ्रेड थांबवून तपासत असताना इतर थ्रेड चालू राहतात. त्यासाठी प्रत्येक थ्रेडची स्थिती स्वतंत्र असणे आवश्यक ठरते.