पदवी, मोजपट्टी आणि कातकरवाडी

मानववंशशास्त्र, म्हणजे माणसाची शरीररचना, नातेसंबंध आणि चालीरीती यांचा एकत्र विचार करणारे शास्त्र, मुंबई विद्यापीठात 1919 साली सुरू झालेल्या समाजशास्त्र विभागाच्या आश्रयाने रुजले. तेथे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली 1928 मध्ये एम.ए. झालेल्या इरावती कर्वे यांनी पुढे बर्लिनमध्ये कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकावर प्रबंध लिहिला आणि वंशश्रेष्ठत्वाच्या गृहीतकाला मोजमापे दुजोरा देत नाहीत, हे तिथल्या आपल्या मार्गदर्शकांच्याच संस्थेत मांडले. या धैर्याचे मोल मोठे आहे. मोजमापांइतकीच या शास्त्राची दुसरी बाजू म्हणजे माणसांच्या जगण्याचा अभ्यास: रसायनी परिसरात, कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर, खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून नाव मिळालेल्या कातकऱ्यांच्या वाड्या आहेत आणि तो धंदा वनकायद्यांनी आवळल्यावर वीटभट्ट्यांकडे वळलेले त्यांचे हंगामी स्थलांतर क्षेत्रकार्याचा, म्हणजे वस्तीत राहून करायच्या अभ्यासाचा, विषय आहे.