परनामे विकलेल्या आज्ञावलीचा करार : १९८०-८१ मधील एक उदाहरण

एकाने रचलेली संगणकाची आज्ञावली दुसऱ्याने स्वतःच्या नावाने विकावयाची, या व्यवहारात नाव कोणाचे यापेक्षा हक्क कोणाकडे राहिला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. आयबीएम व मायक्रोसॉफ्ट यांच्यामधील नोव्हेंबर १९८० चा करार या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

आयबीएमच्या नियोजित लहान संगणकासाठी कार्यप्रणाली पुरविण्याचे मायक्रोसॉफ्टने पत्करले. परंतु अशी प्रणाली तिच्यापाशी नव्हती. सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत टिम पॅटरसन यांनी रचलेल्या ‘८६-डॉस’चा परवाना तिने प्रथम घेतला आणि जुलै १९८१ मध्ये आणखी ५०,००० डॉलर देऊन त्या प्रणालीची मालकी मिळविली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा संगणक जाहीर झाला, तेव्हा तीच प्रणाली ‘पीसी डॉस’ या नावाने पुढे आली.

आयबीएमला मिळालेला परवाना अनन्य नव्हता, हे या करारातील मर्म होय. त्यामुळे तीच वस्तू ‘एमएस-डॉस’ या नावाने इतर उत्पादकांस देण्यास मायक्रोसॉफ्ट मोकळी राहिली. आयबीएमच्या धर्तीचे संगणक इतरांनी बनविताच त्या मोकळिकीचे मोल प्रकट झाले.

मूळ विक्रेत्यानेही एक हक्क राखला होता : आपल्या यंत्रांबरोबर ही प्रणाली स्वामित्वशुल्क न देता विकण्याचा. त्यावरून उद्भवलेला वाद न्यायालयात गेला व १९८६ मध्ये ९ लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम देऊन मायक्रोसॉफ्टला तो मिटवावा लागला. परवान्याची अनन्यता आणि पुनर्विक्रीची मर्यादा ही दोन कलमे किंमतीच्या आकड्याइतकीच निर्णायक असतात, हे यावरून स्पष्ट होते.